अकरा वेळा न लागलेला अंगठा

मी माझ्या मुलीला पाच वेळा मारलं. त्यातल्या चार वेळा मला आठवतात. पाचवी तिने इस्पितळात सांगितली. मला ती आठवत नाही, पण तिला आठवते म्हणजे झाली असणार. मी वीस वर्षं भातगिरणीत काट्यावर उभा आहे. ज्याचं पोतं त्याच्या डोळ्यांसमोर वजन करायचं, आणि त्याचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा आला तर पुन्हा वजन करायचं, ही माझी सवय. हा आकडा पुन्हा तपासता येत नाही. म्हणून तिचा धरतो.

समीक्षा आता बरी आहे. ज्यांची पोरं आज अशा आजारात आहेत आणि ज्यांचं सगळं सरकारी योजनेच्या कार्डावर टांगलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चांगलं तेवढंच लिहिलं असतं तर कुणाच्या उपयोगाचं झालं नसतं.

हात

आमचं गाव म्हसळ्याकडून तळा गावाकडे जाताना आत लागतं. घरात मी, बायको रंजना, माझी आय आणि समीक्षा. ती तेव्हा दहा वर्षांची, पाचवीत. पावसाळ्यात तिचा घसा दुखला, दोन दिवस ताप आला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बरी झाली. आम्ही ते विसरलो.

दिवाळीनंतर तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. पडायला म्हणजे उडायला. चहाचा कप तिने आयच्या पायावर फेकला. मला ते फेकणंच दिसलं. आयचा पाय भाजला आणि मी समीक्षाच्या कानाखाली मारली. ही पहिली वेळ.

मग वही. वळणदार अक्षर होतं तिचं, आता पानावर चिरडलेल्या मुंग्या दिसत होत्या. बाईंनी वहीवर लाल शेरा लिहून पाठवला, मी लाकडी पट्टीने तळहातावर मारलं. ही दुसरी. पट्टी मारताना हात मागे घेत होती, पुढे आणत होती, पुन्हा मागे. मला वाटलं, माझी चेष्टा करते.

पाहुण्यांसमोर ती तोंड वेडंवाकडं करायची, जीभ बाहेर काढायची. चालता चालता खांदा उडायचा. रडायला लागली की थांबायची नाही. वर्गातल्या मुलींनी तिचे हात ओढणीने बाकाला बांधले आणि मधली सुट्टी संपेपर्यंत तसेच ठेवले. ते तिने घरी सांगितलं नाही. मनगटावरचे वळ रंजनाने पाहिले.

रंजना म्हणायची, "डॉक्टरला दाखवूया."

मी म्हणायचो, "झोपेत बघ. झोपली की दगडासारखी स्थिर. आजारी माणूस झोपेत पण आजारी असतो. हे जागेपणीचं नाटक आहे."

तपासणी केल्यासारखा मी हे बोललो होतो. खरंच तीन दिवस तिला झोपेत पाहिलं होतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात झोपेत हात शांतच राहतात. माझं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. निष्कर्षाचा मार तिने खाल्ला.

शेजारचे म्हणाले, भगताकडे न्या, बाहेरचं असेल. आयने सरळ सांगितलं, "आमच्यात ते नाय करत. ह्याच्या बापाने तो रस्ता कधीच बंद केलाय." आम्ही बौद्ध. पण याचा मोठेपणा मी सांगणार नाही. भगताने झाडूने मारलं असतं, मी हाताने मारलं.

रेशनच्या दुकानात

त्याच सुमारास रेशनकार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात येऊन मशीनवर अंगठा द्यायचा, नाहीतर नाव कमी होईल, असा निरोप आला. दुकानदार सलीमभाई. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, गावातल्या प्रत्येक घरात किती तोंडं आहेत हे त्याला पाठ.

रांगेत पंधरा-सोळा माणसं होती. माझा, आयचा, रंजनाचा अंगठा लगेच लागला. समीक्षाचा लागेना. काचेवर टेकवला की उडायचा. मशीनमधली बाई दरवेळी तेच बोलायची, पुन्हा प्रयत्न करा.

"अंगठ्याला तेल लावलंय काय गो?" मागून एक जण.

"डान्सच्या क्लासला घातली वाटतं," दुसरा म्हणाला. रांग हसली.

मी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने अंगठा काचेवर दाबला. ती ओरडली, "पप्पा, मी नाय करत." मी आणखी दाबला. मोजत होतो. आठव्या वेळी तिचं नख निळं झालं. नवव्या वेळी तिचा कोपर माझ्या दातांवर बसला, ओठ फुटला, आणि मी सगळ्यांसमोर तिला मारलं. दोनदा, एकामागून एक. ते मी एकच धरतो, ही तिसरी वेळ. मग पुन्हा दाबला. दहा. अकरा.

सलीमभाईने मशीन उचलून मागे घेतलं.

"भाऊ, बस झालं. मशीन सरकारचं हाय, पोर तुझी हाय. म्हयन्याभरात कवा पण आण."

मी आणली नाही. गिरणीत भाताचा हंगाम होता, हे कारण मी घरी सांगितलं. खरं कारण ती रांग. मुदत संपली. पुढच्या महिन्यात आम्हाला वीस किलोऐवजी पंधरा किलो धान्य मिळालं. म्हणजे चारातलं एक नाव गेलं होतं. पाव किलोसाठी मी माणसाला परत बोलावतो, पण त्या दिवशी पंधरा किलो उचलून गप्प घरी आलो. तक्रार करायची तर तिला पुन्हा न्यावं लागलं असतं. या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक हीच. मारणं रागात झालं. हे मी शुद्धीत केलं.

निदान

समीक्षा वाळत चालली होती. एक दिवस तिला गिरणीतल्या काट्यावर उभी केली. आकडा थांबेना. एकवीस, बावीस, वीस, तेवीस. मी ओरडलो, "सरळ उभी राहा." ती खाली उतरली, दारापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. धापा टाकत होती. मी डबा तिच्या हातात दिला, तो तिने उडवला, भात अंगणभर पसरला. मी पाठीत बुक्का घातला. चौथी वेळ. ती रडली नाही. रडण्याएवढा श्वासच नव्हता. ओठ जांभळे झाले होते.

गिरणीतल्या टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तिशीचीही नसेल. तिने स्वतःची दोन बोटं समीक्षाच्या मुठीत दिली.

"दाबून धर. सोडू नकोस."

मूठ आवळायची, सुटायची, आवळायची. गाय पिळताना हात चालतो तशी. डॉक्टरने छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मला विचारलं, "मधे कधी घसा दुखला होता का?"

"पावसाळ्यात."

"हे पाठीवर काय आहे?"

मी सांगितलं. त्या आधीचंही सांगितलं.

ती माझ्याकडे न बघता कागदावर लिहीत म्हणाली, "हिला हात थांबवता येत नव्हता. तुम्हाला येत होता."

मग समजावून सांगितलं, ते थोडक्यात असं. घशातल्या त्या आजाराने महिन्यांनंतर मेंदूतल्या हालचालींच्या जागेवर आणि हृदयावर हल्ला केला होता. हात आपोआप बरे होतील. हृदयाची एक झडप मात्र फाटल्यासारखी गळत होती, आणि फुप्फुसात पाणी भरत होतं. मोठ्या इस्पितळात आजच न्यायला हवं.

सरकारी गाडीने नवी मुंबईला नेलं. सगळ्या रस्त्याने रंजना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माणगावच्या पुढे ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "तिथं गेल्यावर तुम्ही तिला हात लावू नका."

बांधलेले दिवस

लहान मुलांच्या त्या वॉर्डात सकाळी सहाला वजन, सातला रक्त, आठला गोळ्या. समीक्षाचा हात उडून सुई निघायची. मग पुन्हा टोचायचं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा सुई निघाली तेव्हा रक्त भिंतीवर उडालं. तिघींनी तिला दाबून धरलं. एका नर्सच्या दंडाला ती चावली. शेवटी दोन्ही मनगटं बँडेजने खाटेच्या दांड्यांना बांधली.

ती ओरडत होती, "आई, सोड." रंजना पायाशी उभी राहून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबत होती. मी काचेच्या दाराबाहेर होतो. पट्टी, बुक्का, मशीन हे सगळं मी केलं तेव्हा तिचा आवाज मला असा ऐकू आला नव्हता.

तिचे पाय आणि कोपर दांड्यांवर आपटून काळे-निळे झाले. शेजारच्या खाटेवर मुरुडकडच्या एका कोळीण बाईचा मुलगा होता. तिने काही न विचारता स्वतःची जुनी साडी फाडली, आमच्या खाटेच्या दांड्यांना गुंडाळली आणि रंजनाला म्हणाली, "दोन वेळा गुंडाल, एका वेळंला भागत नाय. माझ्या पोराचा पण झालाय हा सगला करून." त्या संध्याकाळी समीक्षा पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. त्या बाईने गुंडाळलेल्या साडीला मी त्या दिवशी हात जोडले असते, पण ती चेष्टा करणारी बाई होती. म्हणाली, "दादा, तुजा चेहरा बघून पोरगी उठंल. बाहेर जा, चाय पी."

औषधांनी हात हळूहळू शांत व्हायला लागले. हृदय नाही. सातव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की झडप दुरुस्त करावीच लागेल, औषधांवर फार दिवस निघणार नाहीत. "फार म्हणजे किती?" मी विचारलं. ते म्हणाले, "महिना धरू नका."

योजनेत ऑपरेशन मोफत. योजनेबाहेर त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या तीन वर्षांच्या पगाराहून मोठा होता.

काच

योजनेची खिडकी तळमजल्यावर. तिथे आरोग्यमित्र म्हणून एक बाई बसायच्या, पस्तिशीच्या, चष्मा. मी काचेखालून रेशनकार्ड सरकवलं. चार नावं, चौथं समीक्षाचं, शाईने लिहिलेलं.

"काका, कागदावर आहे. मशीनमध्ये तीनच आहेत."

"ही माझीच मुलगी आहे."

"मी कुठे नाही म्हणते? पण मला जे दिसतं त्यावरच मंजुरी जाते. नाव चढवून आणा."

"कितीदा अंगठा द्यायचा तिने?" मी ओरडायला लागलो. पुढे काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग मी काचेवर मूठ मारली. एकदा मारून थांबलो नाही. तिसऱ्या वेळी काच फुटली, मूठ आत गेली, आणि ओढून काढताना मनगटापासून करंगळीपर्यंत चिरली. त्या बाई खुर्चीसकट मागे पडल्या. रखवालदाराने मागून मानेत हात घातला. "अंकल, नीचे. नीचे बैठो." त्याने मला फरशीवर पालथा घातला आणि पाठीवर गुडघा ठेवला. माझं रक्त फरशीवर पसरताना मी बघत होतो, आणि मनात एकच होतं, आता आम्हाला इथून हाकलतील आणि ती मरेल. माझ्या हाताने.

पोलिसांत दिलं असतं तर चूक नव्हतं. त्या बाई उठल्या, चष्मा शोधला, केसांतले काचेचे तुकडे काढले. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी या काचेवर हात मारतं. म्हणूनच ती बसवलीय. फुटली मात्र पहिल्यांदा." त्यांनी पडलेली खुर्ची उभी केली. "काच फोडून नाव चढत नाही, काका. टाके घालून घ्या. मी डॉक्टरांचं पत्र काढून ठेवते. ते घेऊन तालुक्याला जा आणि तिथे हात खिशात ठेवा."

नऊ टाके पडले.

पुरावा

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या कचेरीत पुरवठा शाखेत उभा राहिलो. टेबलावरचे गृहस्थ सभ्य होते. पत्र वाचलं.

"मुलीला आणा. अंगठा नाहीतर डोळे, काहीतरी लागेलच."

"आणली तर वाटेत जाईल, साहेब."

"मुदतीत का नाही आणली?"

"आणली होती."

"तसं प्रत्येक जण म्हणतो. काही पुरावा?"

टाके घातलेला हात मी खरोखरच खिशात घातला होता. बाहेर येऊन सलीमभाईला फोन केला. पाऊण तासात तो मोटारसायकलवरून आला. मांडीवर पिशवी, पिशवीत दुकानातलं मशीन. टेबलावर ठेवलं, बटणं दाबली, कागदाची पट्टी बाहेर आली. त्या तारखेला समीक्षाच्या नावापुढे एकाखाली एक अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एकच, जुळला नाही.

"अकरा वेळा?" गृहस्थ म्हणाले. "लोक दोनदा करतात आणि जातात."

"लिहून घ्या साहेब," सलीमभाई म्हणाला. "पोरगी आली व्हती. हात उडत व्हता. ह्याने मारून मारून लावायचा बघितला. मी बघितलंय, सोळा माणसांनी बघितलंय. मशीननी पण बघितलंय."

"हे असं लिहायचं?" त्यांनी मला विचारलं.

"तसंच लिहा."

अर्जात ते वाक्य आहे. खाली माझी सही डाव्या हाताची. मी माझ्या मुलीवर केलेल्या जुलमाची मशीनमध्ये नोंद होती, आणि त्या नोंदीने तिचं नाव परत आलं. याचा अर्थ काय लावायचा मला माहीत नाही. कोणी म्हणतं, बघा, शेवटी चांगल्यासाठीच झालं. तसं म्हणणाऱ्याशी मी बोलणं थांबवतो. तिला तिथे न दाबता, न मारता, दोनदा प्रयत्न करून हसत घरी आणलं असतं आणि पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं यंत्र मागून पुन्हा नेलं असतं, तरी नाव राहिलं असतं.

साहेबांनी त्यांच्या अधिकारात नाव चढवलं. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली.

आदल्या संध्याकाळी

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. रंजना अंघोळीला गेली होती म्हणून मी खाटेजवळ. हात बांधलेले नव्हते. बोटं थोडी थोडी हलत होती.

"समी, मी तुला चार वेळा मारलं."

"पाच."

"पाचवं कधी?"

"शाळेच्या गेटापाशी. चपलेने."

"मला नाय आठवत."

"मला आठवतं." ती वरच्या पंख्याकडे बघत होती. "मी सांगत होते ना तेव्हा. मी नाय करत, हात करतोय."

"हो."

"तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खरं वाटलं."

रंजना परत आली. मी खाटेजवळून उठलो.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. झडप बदलावी लागली नाही, दुरुस्त झाली. दोन दिवस ती नळ्यांत होती. शुद्धीवर आली तेव्हा नर्सला पहिलं वाक्य बोलली ते असं, "मला बांधू नका, मी हलत नाय." आणि खरंच हलत नव्हती.

आता

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. आजच घरातलं कार्ड घेऊन दुकानात जा आणि पोरांची नावं मशीनमध्ये आहेत का ते विचारा. शाईवर विश्वास ठेवू नका. धान्य एका माणसाचं कमी आलं तर त्याच दिवशी विचारा, ते फक्त धान्य नसतं. अंगठा लागत नसेल तर डोळ्यांचं यंत्र असतं, ते मागा. आणि पोराच्या हातून वस्तू उडायला लागल्या, अक्षर बिघडलं, तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं तर आधी घशाचं आठवा. हात नंतर उचला, म्हणजे मग उचलावा लागणार नाही.

रंजना माझ्याशी बोलते. पहिल्यासारखं नाही. काचेचे पैसे मी हप्त्यांनी भरले, आरोग्यमित्र बाईंनी प्रत्येक वेळी पावती दिली आणि एकदाही चहा विचारला नाही. बरोबर केलं.

झडप पुन्हा बिघडू नये म्हणून समीक्षाला दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन घ्यावं लागतं, आणखी कित्येक वर्षं. ते फार दुखतं, मोठी माणसं कळवळतात. पहिल्या वेळी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई मला म्हणाल्या, "या, धरा हिला."

मी पुढे झालो तर समीक्षा म्हणाली, "पप्पा, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसलो. आत पडदा ओढला गेला. मग एक किंकाळी आणि पाठोपाठ अशी एक शिवी की रांगेतल्या दोन बायांनी पदर तोंडाला लावला. नर्सबाई पडदा सारून बाहेर आल्या.

"पाचवीतली पोर. कुठं शिकली हो हे?"

"माझ्याकडून," मी म्हणालो.

समीक्षा भिंत धरून लंगडत बाहेर आली. मी उठलो, पण हात पुढे केला नाही. ती माझ्यासमोर थांबली, श्वास घेतला, आणि बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "दर वेळी इथंच बसायचं. आत यायचं नाय. घरी पण जायचं नाय."

आतापर्यंत चौदा इंजेक्शनं झाली. चौदा वेळा मी तिथं बसलो आहे.